रात्रभराचे नाटक, गावभराचे पाहुणे

घरच्या सगळ्यांनी मिळून नाटकाला जायची चाल मोठ्या शहरांतून जवळजवळ उठली आहे. आजीला संगीत नाटक हवे असते, नातवाला सिनेमा, आणि मधल्या पिढीला रविवारची झोप. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र दिवाळीनंतर होळीपर्यंत आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे घर एका मांडवात बसते आणि गाण्यांनी भरलेले नाटक उजाडेपर्यंत बघते. तेही तिकीट काढून. या रंगभूमीला झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात. ती टिकली कशी, चालते कशी आणि तिथे जायचे तर काय माहीत असावे, याची ही ओळख.

कुठला मुलूख

झाडीपट्टी म्हणजे विदर्भाचा पूर्वेकडचा जंगलाचा आणि धानाचा पट्टा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल हे तालुके त्यात येतात. मधून वैनगंगा वाहते आणि गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. त्याने कचेऱ्या बदलल्या, सोयरिकी बदलल्या नाहीत. ब्रह्मपुरीची लेक आरमोरीला आणि कुरखेड्याची सून सिंदेवाहीला, हे पूर्वीसारखेच चालू आहे. नाटकाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण इथला प्रेक्षक नात्यागोत्याने गोळा होतो.

गडचिरोलीच्या दक्षिणेला, भामरागड-एटापल्लीच्या माडिया मुलखात किंवा सिरोंच्याच्या तेलुगू शेजारात, नाटकाचा एवढा जोर नाही. खरा जोर उत्तरेला, देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा या बाजूला. इथली बोली झाडीबोली. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आणि इथल्या लोककलांचा अभ्यास करण्यात आयुष्य घातले.

हंगाम कधी

नाटकाचा हंगाम धानावर ठरतो. कापणी झाली, भारे बांधले, चुरणा आटोपला की शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे आणि अंगाला जरा सवड येते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हणजे एका दिवसाचा बाजार आणि जत्रा. थंडी वाढली की शंकरपट येतात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती. दिवसा पट किंवा मंडई आणि रात्री नाटक, अशी इथली जुनी जोडी आहे. पाहुणा सकाळी पटाला येतो आणि नाटक बघूनच परततो.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि ही जोडी मोडली. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या काळात पट बंद राहिले तरी नाटके थांबली नाहीत. मंडई होती, यात्रा होत्या, आणि काही गावांत नुसते नाटक हेच पाहुणे बोलवायला पुरेसे निमित्त ठरले.

वडसा: नाटकांचा बाजार

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर वैनगंगेच्या पूर्वेला वडसा हे स्टेशन आहे. सरकारी कागदावर तालुक्याचे नाव देसाईगंज, पण नाटकवाल्यांच्या तोंडी वडसाच. हंगामात इथे पन्नासच्या आसपास नाट्यकंपन्यांची कार्यालये उघडतात. रस्त्याच्या कडेला गाळे, गाळ्यांवर नटनट्यांचे मोठाले फलक आणि आत टेबलावर तारखांची वही.

गावचे नाट्यमंडळ किंवा उत्सव समिती दसरा-दिवाळीच्या सुमारास इथे येते, दोन-चार कंपन्यांकडे चौकशी करते आणि तारीख पक्की करून विसार देते. कंपनी ठरलेल्या रकमेत पूर्ण प्रयोग देते. मंडप, तिकिटे आणि जाहिरात ही गावाची जबाबदारी. तिकिटांतून रक्कम वसूल झाली तर उरलेला पैसा देवळाला, शाळेला किंवा मंडळाच्या कामाला जातो. तोटा आला तर मंडळाची पोरे वर्गणी काढून तो भरतात. एकाच गावात एकाच रात्री दोन मंडळांची दोन नाटके लागतात तेव्हा खरी चुरस होते. मग कोणाकडे कोणती नटी आहे आणि कोणाचा विनोदी नट जोरदार आहे, यावर गर्दी हलते.

हँडबिल वाचायचे कसे

आठवडाभर आधी गाडीवर भोंगा लावून आजूबाजूच्या गावांत हँडबिले वाटली जातात. हँडबिल एका कागदात कंपनीची सगळी बढाई सांगते. वर देवाचे नाव, मग गाव आणि तारीख, मग ठळक अक्षरांत नाटकाचे नाव. नाव बहुधा कुंकू, सौभाग्य, रक्त, सूड किंवा आईची माया यांच्याभोवती फिरते. खाली कलावंतांची यादी. कोणापुढे विनोदसम्राट, कोणापुढे टीव्ही स्टार, कोणापुढे नुसते मुंबई किंवा नागपूर. स्थानिक नटाला पदवी लागत नाही, त्याचे गाव लिहिले की पुरते. यादीच्या शेवटी ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावे असतात. जाणता प्रेक्षक ही ओळ आधी वाचतो, कारण गाणी कशी होणार हे तिथे कळते.

उद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांचीही लांब यादी असते. ती जितकी लांब, तितके नाटक उशिरा सुरू होणार, हे गृहीत धरावे.

घरातली तयारी

ज्या गावात नाटक, त्या गावात त्या दिवशी घरोघर पाहुणे. सासरी गेलेल्या लेकी, जावई, मामा, आत्या, व्याही, सगळ्यांना निरोप जातो, “आमच्या गावी नाटक आहे, मुक्कामाने या.” दुपारपासून चुली पेटतात. भात, लाखोळीची डाळ आणि ऐपतीप्रमाणे कोंबडीचा रस्सा. नऊच्या आत जेवणे उरकतात. मग घरातला एखादा पोरगा सतरंजी आणि चादरी घेऊन जागा धरायला पुढे पळतो.

या पाहुणचारात आणखी एक काम उरकते, ते म्हणजे सोयरिकी. लग्नाच्या मुलामुलींना निमित्ताशिवाय एकमेकांच्या गावी नेणे अवघड. नाटकाच्या रात्री कोणी कोणाकडे का आले, हे कोणी विचारत नाही. मुलगा दिसतो, मुलगी दिसते, दोन्हीकडच्या बाया एका रांगेत बसून बोलतात, आणि हंगाम संपता संपता काही बोलणी पक्की झालेली असतात. थोरली माणसे नाटकाचा खर्च परवडतो का याचा हिशोब करतात, तेव्हा हेही जमेत धरतात.

मांडवातली बैठक

मोकळ्या शेतात किंवा शाळेच्या पटांगणात चहूबाजूंनी कनाती लावून मांडव उभा राहतो. दारात टेबल टाकून तिकीटविक्री. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर सतरंज्या, आणि दर त्याप्रमाणे. बायका आणि लहान मुले शक्यतो एका बाजूला. कनातीबाहेर चहा, भजी, आलुबोंडे, चिवडा आणि पानठेले रांगेने लागलेले असतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत शेकोट्याही पेटतात.

रंगमंच उंच, मागे रंगवलेले पडदे: वाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा, देवळाचा. प्रवेश बदलला की दोरीने पडदा बदलतो. वरून माइक लोंबत असतात, आणि कसलेला नट त्यांच्या खाली येऊनच महत्त्वाचे वाक्य टाकतो. प्रॉम्प्टर मात्र आडोशाला बसून सबंध नाटक वाचत असतो. त्याला गंमत म्हणून सोडून देऊ नका. हंगामात एकेक नट रोज वेगळ्या गावी, कधी वेगळ्या नाटकात उभा राहतो. तालमीला वेळ फार मिळत नाही. अशा वेळी प्रॉम्प्टरने दिलेला शब्द कानावर पडताक्षणी आपला करून बोलणे ही इथल्या नटाची मोठी कसोटी असते.

गाणे: नाटकाचा कणा

वादक रंगमंचाच्या पुढे, प्रेक्षकांच्या आणि नटांच्या मध्ये, खालच्या जागेत बसतात. मधोमध ऑर्गनवाला. पायाने भाता मारत आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबत त्याची नजर सतत वर असते. नटाने गाण्याआधीचे वाक्य किंचित लांबवले की तो सूर धरून ठेवतो. गाणाऱ्याचा आवाज त्या रात्री बसलेला असेल तर पट्टी उतरवून देतो. विनोदी नट घसरून पडला की तबलजी थाप देतो आणि ऑक्टोपॅडवाला काच फोडतो. हे आधी ठरवलेले नसते.

नाटकाची सुरुवात नांदीने होते. पुढे नायक-नायिकेची पदे, आईचे रडगाणे, विनोदी जोडीचे चटपटीत गाणे आणि बऱ्याचदा एक लावणी. चाली काही रागदारीच्या वळणाच्या, काही भजनाच्या, काही सरळ सिनेमाच्या. आवडलेल्या पदाला ‘वन्समोअर’ मिळतो, आणि मेलेला बापही तेवढ्यापुरता उठून पुन्हा गातो. याला कोणी हरकत घेत नाही.

रात्रभर का?

चंद्रपूर शहरात प्रियदर्शिनी सभागृहात मुंबईचे नाटक लागते तेव्हा ते अडीच तासांत संपते आणि लोक गाड्या काढून घरी जातात. खेड्यात रात्री दोन वाजता नाटक संपले तर पाहुण्यांनी जायचे कुठे? एका घरात वीस माणसे आली असतील तर निजायला जागा नसते, आणि परतीची वाट जंगलातून. ब्रह्मपुरी वन विभागात आणि ताडोब्याच्या आसपास वाघांचा वावर मोठा आहे. माणसांवर हल्ल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. तेव्हा उजाडेपर्यंत मांडवात बसणे हेच सोयीचे आणि सुरक्षित.

नाटकाची बांधणी या गरजेला धरून झाली आहे. अंक जास्त, गाणी भरपूर. विनोदी उपकथा मूळ गोष्टीपासून इतकी मोकळी की मध्ये एक डुलकी काढून उठलेल्या माणसाचेही काही चुकत नाही. रडवणारे प्रवेश पहाटेसाठी राखलेले असतात. लहान पोरे बाराच्या आत झोपतात, विनोदी नट आला की त्यांना उठवतात आणि ती पुन्हा झोपतात.

गोष्ट कशाची असते

पूर्वी पौराणिक आणि ऐतिहासिक नाटके जास्त होत. आता बहुतेक नाटके कौटुंबिक आणि सामाजिक असतात. हुंडा, सासुरवास, गरीब-श्रीमंतांचे प्रेम, जमिनीचा वाद, लबाड पुढारी, शिकून शहरात गेलेला आणि आईबापाला विसरलेला मुलगा. दारू हा विषय हमखास. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’पासून (1919) मराठी रंगभूमीला तो ओळखीचा आहेच, पण इथे तो रोजच्या जगण्यातला आहे. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. दोन्ही ठिकाणी बंदीसाठी बायाच रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच बाया पुढच्या रांगेत बसून रंगमंचावरच्या दारुड्याला शिव्या घालतात, तेव्हा नटाला आपली भूमिका जमल्याची पावती मिळते.

नवरगावचे सदानंद बोरकर यांनी शेतकरी आत्महत्यांवर ‘आत्महत्या’ हे नाटक केले. विदर्भातल्या शेतकऱ्याचे मरण शहरात चर्चेचा विषय होता. झाडीपट्टीत ते खुद्द शेतकऱ्यांपुढे, त्यांच्या बायकामुलांपुढे उभे राहिले.

कलावंत कोण

हंगामात नट आणि पावसाळ्यात शेतकरी, मजूर, शिक्षक किंवा दुकानदार, अशी बहुतेक स्थानिक कलावंतांची वर्षाची वाटणी असते. स्त्रियांच्या भूमिका पूर्वी पुरुष करत. पुढे नागपूर-मुंबई-पुण्याच्या अभिनेत्री हंगामापुरत्या येऊन राहू लागल्या. चार महिने दिवसा झोप, संध्याकाळी गाडी, रात्रभर प्रयोग आणि पहाटे पुन्हा वडसा, असे त्यांचे जगणे असते.

या रंगभूमीचे सर्वांत ओळखीचे नाव परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे हे शेतकरी विनोदी नट म्हणून गाजले आणि लोक त्यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणू लागले. 5,000 हून अधिक प्रयोग आणि 800 च्या आसपास भूमिका त्यांच्या नावावर आहेत. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीबाहेरच्या अनेकांनी या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा ऐकले. त्याआधी 2022 मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट याच जगावर आला होता.

दंडारीपासून इथवर

झाडीपट्टीत नाटकाच्या आधी दंडार होती. दिवाळीच्या सुमारास गावचेच गडी बायकांची सोंगे घेऊन, वाद्यांच्या साथीने गात-नाचत प्रसंग उभे करत. तिच्या जोडीला खडी गंमत, गोंधळ, भारूड आणि कीर्तन. गाण्यातून गोष्ट सांगणे आणि रात्र जागवणे या दोन्ही सवयी इथल्या प्रेक्षकाला तेव्हापासूनच्या.

तिकडे सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ने 1880 मध्ये पुण्यात संगीत नाटकाचे युग सुरू झाले. नांदी, पदे, पडदे, ऑर्गन ही सामग्री तिथूनच झाडीत पोचली आणि दंडारीच्या मुशीत उतरली. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि शहरांतल्या संगीत नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. झाडीत मात्र वीज, रस्ते आणि सिनेमागृहे पोचायला फार वेळ लागला, तोवर नाटकाने गावच्या वार्षिक व्यवहारात जागा पक्की केली होती. पुढे घरोघर टीव्ही आला, हातात मोबाईल आला, तरी लेकीला माहेरी आणायला टीव्हीचे निमित्त चालत नाही.

कुरकुर आणि अडचणी

जुने रसिक नाराज असतात, आणि त्यांच्या नाराजीत तथ्य आहे. गाण्यांच्या जागी ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे नाच घुसले, विनोद पांचट झाला, संहिता एकाच साच्याच्या निघू लागल्या, तालमी आटल्या, असे ते म्हणतात. लेकीसुनांसमोर बसवणार नाही असा विनोद सुरू झाला की मांडवातूनच ओरड होते, आणि पुढच्या वर्षी ते गाव ती कंपनी बोलवत नाही. कंपन्या सर्वांत जास्त घाबरतात ते याला.

दुसरी अडचण कायद्याची. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणासुदीची सवलतही मध्यरात्रीपर्यंतच आहे. नियम अक्षरशः लावला तर नांदीच्या आधी पडदा पाडावा लागेल. त्यामुळे परवानगी हा दर हंगामातला डोकेदुखीचा विषय. शिवाय महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. 2020 च्या करोनाच्या हंगामात मांडवच उभे राहिले नाहीत, तेव्हा नटांपासून पानठेलेवाल्यांपर्यंत सगळ्यांची चूल अडली.

तुम्हाला जायचे असेल तर

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. वडशाला किंवा ब्रह्मपुरीला उतरा आणि कंपनीच्या कार्यालयात विचारा, आज कुठे प्रयोग आहे ते तारखांच्या वहीतून सांगतात. कोणी ओळखीचे त्या बाजूचे असेल तर त्याच्याच गावचे नाटक गाठा, कारण पाहुणे म्हणून गेलात तर जेवण, जागा आणि शेजारी बसून पात्रांची कुंडली सांगणारी एखादी मावशी, तिन्ही मिळतात. सोबत जाड चादर, कानटोपी, पोरांसाठी पाणी आणि खाऊ ठेवा. खुर्चीपेक्षा सतरंजी बरी, तिथे पोरे झोपू शकतात. सुट्टे पैसे बाळगा.

रात्री मधेच निघून जंगलातून गाडी घालायचा विचार करू नका. आणि घाई तर मुळीच करू नका: उद्घाटनाची भाषणे पहिला तासभर खातात, पहिला अंक पात्रांच्या ओळखीत जातो, आणि गोष्ट तिसऱ्या प्रहराशिवाय पेटत नाही. बारा वाजता उठून गेलेला पाहुणा सकाळी चहाला बसला की त्याला शेवट कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी ये, म्हणतात.